आकडीवरील औषधांचे दुष्परिणाम : गैरसमज आणि वस्तुस्थिती

अपस्मार, म्हणजे बोलीभाषेत आकडी किंवा फिट, हा मेंदूतील विद्युत-संदेशांच्या अचानक उसळीमुळे वारंवार झटके येण्याचा आजार असून त्यावरील औषधे बहुधा वर्षानुवर्षे घ्यावी लागतात. पेण आणि रोहा या रायगड जिल्ह्यातील तालुक्यांत उपजिल्हा रुग्णालये आहेत, तर गंभीर रुग्णांना अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात किंवा मुंबईला पाठवले जाते. त्यामुळे गोळी एका ठिकाणी सुरू होते आणि पुढे ताप, क्षय किंवा बाळंतपण यासाठी रुग्ण दुसऱ्याच ठिकाणी दाखल होतो, असे पुष्कळदा घडते. अशा वेळी दिसणारे दुष्परिणाम बव्हंशी मात्रा, मूत्रपिंड-यकृताची स्थिती आणि सोबतची इतर औषधे यांतून उद्भवतात. म्हणूनच ते ओळखता येतात आणि अनेकदा टाळताही येतात. त्यांविषयी समाजात रूढ असलेले समज वस्तुस्थितीच्या कसोटीवर तपासणे त्यासाठी आवश्यक आहे.

गैरसमज १ : या गोळ्या गरम पडतात, म्हणून आजारपणात काही दिवस बंद ठेवाव्यात.

वस्तुस्थिती : गोळी एकाएकी बंद केल्यास झटके परत येतात आणि कधी ते थांबतच नाहीत. पाच मिनिटांहून अधिक चाललेला झटका, किंवा मध्ये शुद्धीवर न येता एकापाठोपाठ येणारे झटके, ही अखंड आकडीची अवस्था मानली जाते आणि तिच्यात जिवाला धोका असतो. ताप, जागरण आणि उलट्या यांमुळे झटक्याची शक्यता आधीच वाढलेली असते, त्यामुळे आजारपणात गोळी चुकवणे अधिकच घातक ठरते. शस्त्रक्रियेपूर्वी उपाशी राहण्यास सांगितलेल्या रुग्णाची सकाळची गोळीही अनेकदा राहून जाते. वास्तविक ती घोटभर पाण्याबरोबर द्यायची की इंजेक्शनच्या रूपाने, हे भूलतज्ज्ञाला आदल्या दिवशीच विचारून घ्यावयाचे असते.

गैरसमज २ : तोल जाणे, गुंगी येणे म्हणजे आकडीचा आजार वाढला; गोळी वाढवावी.

वस्तुस्थिती : फेनिटोइन या जुन्या व स्वस्त औषधाच्या बाबतीत याच्या उलट असण्याची शक्यता मोठी असते. यकृतातील जी विकरे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिने, हे औषध मोडतात, त्यांची क्षमता ठरावीक मात्रेनंतर संपते. परिणामी दिवसाची मात्रा 300 मिलिग्रॅमवरून 400 मिलिग्रॅम केली, तर रक्तातील पातळी तिसऱ्या हिश्शाने न वाढता दुप्पटही होऊ शकते. ही पातळी सामान्यतः दर मिलिलिटरमागे 10 ते 20 मायक्रोग्रॅम असावी लागते. तिच्यापुढे आधी डोळ्यांची बुबुळे थरथरतात, मग चाल अडखळते आणि अखेरीस रुग्ण गुंगीत जातो. शिवाय या औषधाचा सुमारे 90 टक्के भाग रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटलेला असतो व उरलेला मोकळा भागच मेंदूवर काम करतो. कुपोषित किंवा यकृताच्या रुग्णांत अल्ब्युमिन कमी असल्याने एकूण पातळी योग्य दिसूनही मोकळे औषध जास्त असू शकते, म्हणून केवळ तपासणीच्या आकड्यावर विसंबता येत नाही.

गैरसमज ३ : आकडीच्या गोळीचा दुसऱ्या आजाराच्या औषधाशी संबंध नसतो.

वस्तुस्थिती : रुग्णालयात सर्वाधिक महाग पडणारा गैरसमज हाच होय. क्षयरोगावरील आयसोनियाझिड हे फेनिटोइन व कार्बामाझेपिन यांचे रक्तातील प्रमाण वाढवते, तर त्याच उपचारातील रिफाम्पिसिन ते घटवते. भातलावणीच्या दिवसांत कोकणात लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण आढळतात व त्यावर डॉक्सिसायक्लिन देतात. परंतु फेनिटोइन, कार्बामाझेपिन किंवा फिनोबार्बिटोन नियमित घेणाऱ्याच्या शरीरात ते टिकण्याचा काळ जवळपास निम्म्यावर येतो, म्हणजे नेहमीची मात्रा अपुरी पडू शकते. हाच आजार मूत्रपिंडावर उतरला, तर लघवीवाटे बाहेर पडणारे लेव्हेटिरासेटाम साचते आणि गुंगी व चिडचिड वाढते; तेव्हा त्याची मात्रा कमी करावी लागते. गंभीर जंतुसंसर्गावरील मेरोपेनेम व्हॅल्प्रोएटची पातळी एक-दोन दिवसांत इतकी खाली आणते, की आटोक्यात असलेली आकडी पुन्हा उद्भवू शकते. म्हणूनच दाखल होताना गोळ्यांची पाकिटे आणि जुना केसपेपर सोबत नेणे हा उपचाराचाच भाग आहे.

गैरसमज ४ : अंगावर पुरळ उठले म्हणजे उष्णता झाली, आपोआप जाईल.

वस्तुस्थिती : कार्बामाझेपिन, फेनिटोइन, फिनोबार्बिटोन आणि लॅमोट्रिजिन यांच्यामुळे, प्रामुख्याने पहिल्या दोन महिन्यांत, स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम ही त्वचा सोलून काढणारी प्रतिक्रिया क्वचित उद्भवते. पुरळाबरोबर ताप, तोंडात फोड, डोळ्यांची लाली किंवा त्वचेला दुखरेपणा असल्यास ती आणीबाणी समजून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. या एका प्रसंगी संशयित औषध तत्काळ थांबवणे हेच योग्य असते, मात्र त्याजागी दुसरे औषध डॉक्टरांनीच ठरवावे, कारण पहिल्या तिन्ही औषधांची रचना सारखी असून एकाचे वावडे दुसऱ्यालाही लागू होऊ शकते. कार्बामाझेपिनच्या बाबतीत ‘एचएलए-बी 1502’ या आनुवंशिक घटकाशी असलेला संबंध भारतीय रुग्णांतही आढळला आहे.

गैरसमज ५ : इंजेक्शन सावकाश देणे म्हणजे दिरंगाई.

वस्तुस्थिती : फेनिटोइन शिरेतून मिनिटाला 50 मिलिग्रॅमपेक्षा वेगाने दिल्यास रक्तदाब कोसळतो व हृदयाचे ठोके अनियमित होतात. पन्नास किलो वजनाच्या रुग्णाला 1000 मिलिग्रॅम द्यायचे असल्यास किमान वीस मिनिटे लागतात, आणि ते ग्लुकोजमध्ये नव्हे तर सलाइनमध्येच मिसळावे लागते. सुईच्या जागी दुखू लागले किंवा हात निळा-जांभळा पडून सुजला, तर परिचारिकेला त्याच क्षणी सांगावे.

गैरसमज ६ : गर्भवतीने आकडीचे कोणतेही औषध घेऊ नये.

वस्तुस्थिती : सर्व औषधांचा धोका सारखा नसतो. गर्भावस्थेत व्हॅल्प्रोएट घेतल्यास शंभरातील सुमारे दहा बाळांत मोठे जन्मजात व्यंग आढळते व बौद्धिक विकासावरही परिणाम होतो. लॅमोट्रिजिन आणि लेव्हेटिरासेटाम यांत हा धोका पुष्कळच कमी असतो. याउलट औषध तोडल्याने आलेला झटका आई व बाळ दोघांनाही इजा करू शकतो. म्हणून औषधातील बदल आणि फॉलिक ॲसिडची सुरुवात ही दिवस राहण्यापूर्वीच, डॉक्टरांच्या सल्ल्याने व्हायला हवी. रक्तदाब वाढून बाळंतपणाच्या सुमारास येणारे झटके मात्र वेगळे. त्यांवर मॅग्नेशियम सल्फेट हेच पहिले औषध होय. ते श्वास बंद पाडते ही भीती निराधार नाही, पण त्याआधी शरीर इशारा देते. पुढची मात्रा देण्यापूर्वी परिचारिका गुडघ्याखाली हलके ठोकून पाय उडतो का, श्वास मिनिटाला किमान 16 आहेत का आणि लघवी तासाला किमान 30 मिलिलिटर होते का, हे पाहते. पाय उडेनासा झाला तर मात्रा रोखतात आणि श्वास मंदावल्यास कॅल्शियम ग्लुकोनेटचा उतारा देतात.

गैरसमज ७ : दुष्परिणाम कळवणे म्हणजे डॉक्टरांविरुद्ध तक्रार.

वस्तुस्थिती : योग्य औषध योग्य मात्रेत देऊनही दुष्परिणाम होऊ शकतो. अशा घटना नोंदवण्यासाठी 2010 पासून भारतीय औषधसतर्कता कार्यक्रम चालू असून 1800-180-3024 या निःशुल्क क्रमांकावर रुग्ण किंवा नातेवाईकही माहिती देऊ शकतात. औषध बाजारात येण्यापूर्वीच्या चाचण्यांत मोजकेच रुग्ण असतात, त्यामुळे विरळ दुष्परिणाम पुढे अशा नोंदींतूनच ध्यानात येतात. रोह्याच्या किंवा पेणच्या एका रुग्णाचे पुरळ वेळेत नोंदवले गेले, तर त्यातून मिळणारे ज्ञान त्याने कधी न पाहिलेल्या रुग्णांच्याही कामी येते.