घरची तिजोरी आणि तिची किल्ली

पूर्वी घराघरांत माळ्यावर पत्र्याची एक ट्रंक असे. सातबाऱ्याचे उतारे, लग्नाचे अल्बम, मुलांची प्रगतिपुस्तके, सारे तिच्यात. आता तीच संपत्ती चार मोबाइलमध्ये आणि दोन संगणकांत विखुरलेली असते. ती एकत्र ठेवण्यासाठी ‘नॅस’ नावाची पेटी मिळते. आत एक-दोन हार्ड डिस्क, मागे एक वायर. ती राउटरला जोडली की घरातल्या कोणत्याही यंत्रावरून पेटी उघडता येते.

याच वेळी घरात लिनक्सचाही प्रवेश होतो आहे. ऑक्टोबर २०२५मध्ये विंडोज १०चा नेहमीचा आधार संपला, आणि विंडोज ११ अनेक जुन्या लॅपटॉपना दारातच उभे करते. लिनक्स मात्र फुकट असून अशा म्हाताऱ्या यंत्रांनाही सांभाळून घेते. हेलसिंकीच्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१मध्ये त्याचा पाया घातला.

या दोघांची ओळख करून द्यायची तर समान भाषा हवी. घरगुती पेट्या बहुधा ‘एसएमबी’ बोलतात. ही मूळची आयबीएमची, पुढे मायक्रोसॉफ्टच्या घरात वाढलेली. लिनक्सच्या जगात ती आणली कॅनबेराच्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी. तारेवरून जाणारी दोन यंत्रांची बोलणी ऐकून १९९१-९२मध्ये त्यांनी आपला प्रोग्राम लिहिला. पुढे त्याचे नाव बदलावे लागले, तेव्हा एस, एम आणि बी ही अक्षरे असलेला शब्द त्यांनी संगणकातल्या शब्दयादीत शोधला आणि ‘सांबा’ सापडला!

जोडणी सोपी आहे. लिनक्सच्या फाइलींच्या खिडकीत, पत्त्याच्या रकान्यात एसएमबी, विसर्गासारखी दोन टिंबे आणि दोन तिरप्या रेघा लिहून पुढे पेटीचा आकडी पत्ता टाकायचा. नाव आणि पासवर्ड विचारला जातो, दार उघडते. हा आकडी पत्ता राउटर वाटतो आणि तो कधीही बदलू शकतो. म्हणून राउटरमध्येच तो पेटीच्या नावे राखून ठेवावा.

कधी दार उघडतच नाही. पेटी जुनी असेल तर ती एसएमबीची पहिलीच आवृत्ती बोलते, आणि नवे लिनक्स ती ऐकायला तयार नसते. याला कारण आहे. मे २०१७मध्ये ‘वॉनाक्राय’ने याच जुन्या आवृत्तीतल्या विंडोजच्या फटीतून शिरून ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांपर्यंत हाहाकार माजवला होता. तेव्हा लॅपटॉपचे कुलूप ढिले करू नये; पेटीच्या सेटिंगमध्ये जाऊन तिला दुसरी-तिसरी आवृत्ती शिकवावी.

‘एनएफएस’ ही दुसरी भाषा सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४मध्ये आणली. तिच्या साध्या घरगुती मांडणीत नावापेक्षा नंबर मोठा. बँकेत काम केलेल्याला हे लगेच उमगते: कुलकर्णी डझनभर असतील, खाते क्रमांक एकच. लॅपटॉपवरचा आपला क्रमांक आणि पेटीतला क्रमांक जुळला नाही, तर फाइली दिसतात, पण लिहिता येत नाही.

नेहमीच्या वापरासाठी पेटी लॅपटॉपमधल्या एखाद्या फोल्डरवर ‘माउंट’ करतात. ती सूचना ज्या फाइलीत लिहायची, ती लॅपटॉपवरचा कोणीही वाचू शकतो. म्हणून पासवर्ड वेगळ्या, कुलूपबंद फाइलीत ठेवावा. ‘नोफेल’ हा शब्दही जोडावा, म्हणजे पेटी बंद असली तरी लॅपटॉप सुरू व्हायला अडून बसत नाही. मात्र अशा वेळी तो फोल्डर रिकामा दिसतो. फोटो गेले म्हणून घाबरायचे नाही. नव्या फाइली मात्र तिथे टाकू नयेत. त्या पेटीत न जाता लॅपटॉपमध्येच पडण्याची शक्यता असते.

पेटीत दोन डिस्क एकमेकींच्या आरशासारख्या ठेवता येतात. एक बिघडली तर दुसरी तारते. पण चुकून पुसलेला फोटो दोन्हींतून पुसला जातो. बँका तिजोरीची जोडकिल्ली दुसऱ्या शाखेत ठेवतात, ते उगीच नव्हे. तशी एक प्रत घराबाहेरही असावी.

शेवटचा मुद्दा नामनिर्देशनाचा. दहा वर्षे कुणी हात न लावलेल्या ठेवी बँकांना रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा कराव्या लागतात. २०१४पासून हा नियम आहे. तिथे निदान वारस मागून दावा करू शकतो. पेटीचा पासवर्ड एकाच डोक्यात असेल आणि ते डोके उद्या नसेल, तर आजोबांचा आवाज, नातीचे पहिले पाऊल, हे सारे त्याच घरात, त्याच टेबलावर असूनही घरच्यांना पारखे होईल. पेटीवर सांकेतिक कुलूपही घातलेले असेल, तर दाद मागायला कोणतीच खिडकी नाही.

म्हणून पेटीचा पत्ता, नाव, पासवर्ड आणि जोडणीच्या चार पायऱ्या स्वच्छ अक्षरात कागदावर लिहाव्यात. तो कागद विम्याच्या पॉलिसीशेजारी ठेवावा. आणि एखाद्या रविवारी, आपण बाजूला बसून, घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी तो वाचत वाचत पेटी उघडायला सांगावे.