नववीत सुरुवात केली तर उशीर झाला?

शाळेचा ॲथलेटिक्सचा संघ निवडायची वेळ आली की एक वाक्य हमखास कानावर पडतं: 'आता नववीत सुरू करून काय उपयोग? बाकीची मुलं पाचवीपासून पळताहेत.' आई-वडील म्हणाले तर समजू शकतं. क्रीडाशिक्षकच म्हणतात तेव्हा मात्र चीड येते.

माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर शाळेत खो-खो खेळायची. पुढे ती लांब पल्ल्याकडे वळली, आणि अडथळे व पाण्याचा खड्डा ओलांडायची ३००० मीटर स्टीपलचेस तिने हाती घेतली ती पंचविशीच्या आसपास. २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत ती दहावी आली. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात भरती झाला, तिथे क्रॉस कंट्री पळू लागला आणि स्टीपलचेसकडे त्याहूनही नंतर आला. २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये त्याने ८ मिनिटं ९.९१ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला.

'अहो, हे अपवाद!' बरं, अपवाद बाजूला ठेवू. इटलीतल्या उंच आणि लांब उडीच्या खेळाडूंची १९९४ ते २०१४ या काळातली अधिकृत क्रमवारी तपासणारा अभ्यास २०१७ साली 'प्लॉस वन' या नियतकालिकात आला. मोठेपणी अव्वल ठरलेल्यांपैकी सोळाव्या वर्षीही अव्वल असलेले होते फक्त १० ते २५ टक्के. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१६ च्या अहवालात सांगितलंय की बहुतेक खेळांत एकाच प्रकाराला वाहून घेणं पंधरा-सोळाव्या वर्षापर्यंत लांबवलेलंच बरं.

कारण साधं आहे. चौदा वर्षांखालच्या गटात जिंकणारा मुलगा पुष्कळदा नुसता लवकर वयात आलेला असतो. एकाच वर्गात एकाला मिसरूड फुटलेलं असतं, दुसऱ्याचा आवाजही फुटलेला नसतो. दोघांना एका रेषेवर उभं करायचं आणि निकालाचं श्रेय पाचवीपासूनच्या सरावाला द्यायचं, हा कुठला न्याय? दोन-तीन वर्षांत मागचा बरोबरीला येतो, पण तोवर तो मैदानावर टिकला तर. मुलींचं याच्या उलट होतं: वयात येताना शरीर बदलतं, काहींची वेळ काही काळ अडते, आणि आपण 'संपली ती' म्हणून मोकळे होतो.

उशिरा सुरू करणाऱ्याला खरा धोका असतो तो घाईचा. राहिलेली चार वर्षं चार आठवड्यांत भरून काढायला गेलं की गुडघ्याच्या खाली किंवा टाचेत दुखू लागतं. वाढत्या वयात तिथलं हाड अजून पक्कं झालेलं नसतं, आणि स्नायू त्यालाच ओढत असतात. हे दुखणं अंगावर काढायचं नाही. सुरुवातीला आठवड्यातून तीन दिवस, बोलता येईल इतक्या वेगाने पळणं पुरतं.

बाकीचे गैरसमज झटपट. वजन उचलल्याने उंची खुंटत नाही. नीट शिकवणारा आणि लक्ष ठेवणारा माणूस मात्र हवा. दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतात त्या लॅक्टिक ॲसिडमुळे नव्हे, ते तासाभरात ओसरलेलं असतं. दुखतात त्या स्नायूंना झालेल्या बारीक इजा. पाळी सुरू असताना पळायला हरकत नाही, त्रास होत असेल तरच थांबावं. पहिल्या दिवशी स्पाइक्स लागत नाहीत. आणि शंभर मीटरच्या आधी ग्लुकोजची पूड तोंडात टाकणाऱ्यांनो, पंधरा सेकंदांच्या शर्यतीला लागणारं इंधन स्नायूंत आधीच साठवलेलं असतं. पुडीची चव तेवढी चांगली लागते.

एक गैरसमज शिक्षकांचा. मुलांना एकदा शंभर मीटर पळवायचं, पहिले चार घ्यायचे, उरलेल्यांना प्रेक्षक करायचं! त्या शर्यतीत शेवटी आलेला मुलगा तीन हजार मीटरमध्ये काय करेल, हे त्यातून कळतच नाही. आडव्या बांध्याचा मुलगा दिसला तर त्याच्या हाती गोळा द्या. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी तो ५ किलोचा असतो, मुलींसाठी ३ किलोचा. उंचपुऱ्या मुलीला उडीच्या खड्ड्याकडे न्या. थाळी, भाला, अडथळे, तिहेरी उडी, चालण्याची शर्यत हे सगळं याच खेळात येतं, आणि यातलं बरंचसं बहुतेक मुलं पहिल्यांदा करून बघतात ती माध्यमिक शाळेतच.