विश्लेषण : बुरशी आलेला भाग काढून उरलेला पाव खावा का?

पावसाळ्यात गिरगाव, लालबागच्या चाळींत लादीपाव दोन-तीन दिवस राहिला की त्यावर बुरशी धरते. ‘वाया कशाला घालवायचा’ म्हणून अनेक घरांत तेवढाच भाग काढून उरलेला पाव खाल्ला जातो. पण बुरशी दिसते तेवढीच असते का?

पावावर नेमके काय वाढते?
कापसासारखी पांढरी आणि वर काळे ठिपके असलेली बुरशी बहुधा ‘रायझोपस’ असते. बुरशी वनस्पती नाही आणि प्राणीही नाही. तिच्यात हरितद्रव्य नसते. तिच्या पेशींभोवतीची भिंत कायटिनची असते. कोळंबी, खेकड्याच्या कवचातही कायटिनच असते. बुरशीचे शरीर म्हणजे बारीक तंतूंचे जाळे. हे तंतू पावात शिरून विकरे सोडतात, पिष्ट बाहेरच पचवतात आणि शोषून घेतात. त्यामुळे वरचा भाग काढला तरी आत तंतू उरू शकतात.

ती पसरते कशी?
काळा ठिपका ही बीजाणूंची पिशवी असते. ती फुटली की हजारो बीजाणू हवेत उडतात आणि ओलसर अन्नावर पडले की रुजतात. यासाठी नर-मादीची गरज नसते. मात्र दोन अनुरूप तंतू एकत्र आले, तर जाड कवचाचा बीजाणू तयार होतो आणि तो प्रतिकूल काळातही तग धरतो.

२०२१च्या ‘काळ्या बुरशी’शी संबंध काय?
करोनाच्या दुसऱ्या लाटेत परळच्या केईएमसह अनेक रुग्णालयांत म्युकरमायकोसिसचे रुग्ण दाखल झाले. भारतात या आजाराचे प्रमुख कारण रायझोपसच्याच जाती आहेत. ही बुरशी रक्तवाहिन्यांत शिरून रक्तपुरवठा तोडते. त्यामुळे मेलेला भाग काळा पडतो, म्हणून हे नाव. बीजाणू मुख्यतः श्वासावाटे शरीरात जातात. निरोगी शरीर ते नष्ट करते. अनियंत्रित मधुमेह किंवा स्टेरॉइडचा मोठा डोस असेल तर धोका वाढतो. हा आजार माणसाकडून माणसाला होत नाही.

काय करावे?
बुरशी आलेला पाव पूर्ण फेकावा, त्याचा वास घेऊ नये. काही बुरश्यांची विषद्रव्ये भाजल्यानेही नष्ट होत नाहीत. मधुमेहींना चेहऱ्याच्या एका बाजूला सूज, डोळ्यात वेदना किंवा नाकातून काळपट स्राव जाणवल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.