सामाईक संडास आणि रोगजंतु

सकाळचे सहा वाजावयास अद्याप अवकाश असतो; तोंच चाळीच्या गॅलरीच्या टोंकाशीं माणसें जमूं लागतात. कोणाच्या हातीं पितळेचा तांब्या, कोणाच्या हातीं पत्र्याचें टमरेल, तर अलीकडच्या मंडळींच्या हातीं प्लास्टिकचा मग. आंत गेलेल्या गृहस्थानें जरा वेळ लावला कीं बाहेरचा खाकरतो, मग कडी वाजवितो. शाळेच्या मुलास आधीं सोडावें कीं पहिल्या पाळीच्या कामगारास, यावरून रोज चार शब्द होतात आणि रोज मिटतात. मुंबईच्या गिरणगांवांत कित्येक पिढ्यांच्या दिवसाचा आरंभ असाच झाला. १९२० नंतरच्या दशकांत सरकारच्या विकास खात्यानें वरळी, नायगांव, डिलाइल रोड व शिवडी येथें २०७ चाळी उभारल्या. त्यांत एकेका कुटुंबास सुमारें १६० चौरस फुटांची खोली मिळाली. संडास मात्र मजल्याचे सामाईक राहिले. आतां त्या चाळींच्या जागीं उंच इमारती उठत आहेत आणि बिऱ्हाडागणिक स्वतंत्र स्नानगृह होत आहे. तथापि एवढ्यानें हा प्रश्न मिटत नाहीं. कचेरी, वसतिगृह, रुग्णालय, आगगाडी, लग्नाचें कार्यालय या सर्व ठिकाणीं, स्वतःच्या घरीं संगमरवरी स्नानगृह असलेल्या गृहस्थासहि, परक्याच्या मागोमाग त्याच दारांतून आंत शिरावें लागतें.

शिरतांना मनास जी शिसारी येते ती बहुधा दोन गोष्टींची: वासाची आणि ओल्या फरशीची. नाकाला पदर लावून, चवड्यांवर चालत, कशासहि न शिवतां बाहेर पडलें म्हणजे संकट टळलें असें पुष्कळांना वाटतें. येथेंच मोठी फसगत आहे. भीति एका जागीं आणि धोका दुसऱ्या जागीं, असा हा प्रकार आहे.

वासानें रोग होतो ही समजूत फार जुनी व मोठी प्रतिष्ठित होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपांतील नाणावलेले वैद्यहि पटकीचा दोष कुजक्या हवेला देत असत. १८५४ सालीं लंडनच्या ब्रॉड स्ट्रीट भागांत पटकीनें कहर केला, तेव्हां जॉन स्नो या डॉक्टरानें मृतांचीं घरें एक एक करून तपासलीं आणि बहुतेक लोक एकाच पंपाचें पाणी पीत होते असें दाखविलें. त्या विहिरीपासून अवघ्या कांहीं फुटांवर एका घराचा मैलाखड्डा होता. त्या घरांतील एक तान्हें मूल जुलाबांनीं आजारी पडलें होतें, त्याचीं दुपटीं धुतलेलें पाणी त्या खड्ड्यांत ओतलें गेलें आणि खड्डा विहिरींत पाझरत होता. पाण्याला वास नव्हता, चव वाईट नव्हती. पुढें १८८४ सालीं रॉबर्ट कॉख यानें कलकत्त्यास पटकीचा जंतु रोग्यांच्या मळांतून वेगळा करून दाखविला, तेव्हां वाद तत्त्वतः संपला. लोकांच्या नाकानें मात्र तो निकाल अजून मानलेला नाहीं. फिनाइलचा वास दरवळला कीं जागा शुद्ध झाली असें समजणारीं घरें आजहि थोडीं नाहींत.

पटकी, विषमज्वर, रक्ती आंव, अ प्रकारची कावीळ, लहान मुलांचे जुलाब, पोटांतील जंत या सर्वांची वाट एकच: एकाच्या मळांतून दुसऱ्याच्या मुखांत. वाक्य ऐकावयास ओंगळ आहे, पण त्यास सौम्य पर्याय नाहीं. १९५८ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें प्रसिद्ध केलेल्या एका पुस्तकांत ही वाट आकृतीनें दाखविली आहे. पाणी, माती, माशा व बोटें हे चार मध्यस्थ, आणि त्यांनीं बिघडविलेलें अन्न हा पांचवा. शहरांत नळाचें शुद्ध पाणी येतें, मैला झांकलेल्या नळांतून जातो, म्हणून पहिल्या तिघांचें बळ पुष्कळ कमी झालें आहे. बोटें मात्र जशीच्या तशीं राहिलीं. शिवाय जंतूंची फौज मोठी असावी लागते असेंहि नाहीं. रक्ती आंव उत्पन्न करणाऱ्या शिगेला जातीचे अवघे दहा ते शंभर जंतु पोटांत गेले तरी माणूस अंथरूण धरूं शकतो. आणि नखाखालच्या न दिसणाऱ्या मळांत एवढे जंतु सहज मावतात. जगांत दरवर्षीं पांच वर्षांखालील चार लाखांहून अधिक बालकें अतिसारानें दगावतात. त्यांतील पुष्कळांच्या बाबतींत गुन्हेगार कोण, हें विचारूं गेल्यास उत्तर घरांतच मिळेल.

न्यू यॉर्कच्या मेरी मॅलन या स्वयंपाकिणीची हकीकत या बाबतींत प्रसिद्ध आहे. १९०६ सालच्या उन्हाळ्यांत ऑयस्टर बे येथील एका श्रीमंत कुटुंबाच्या बंगल्यांत अकरांपैकीं सहा माणसें विषमज्वरानें पडलीं. जॉर्ज सोपर नांवाच्या तज्ज्ञानें पाणी, दूध, शिंपले सारें तपासलें आणि शेवटीं तो स्वयंपाकघराकडे वळला. मेरी स्वतः धडधाकट होती, परंतु तिच्या मळांत विषमज्वराचे जंतु होते. रांधलेल्या अन्नांतील जंतु विस्तवानें मरत. तिच्या हातचें आइसक्रीम व त्यांतील कच्चीं फळें यांना मात्र विस्तव लागत नसे, आणि सोपरचा संशय तेथेंच होता. १९०७ मध्यें तिला एका बेटावर अलग ठेवण्यांत आलें. १९१० सालीं स्वयंपाकाचा धंदा पुन्हां न करण्याच्या अटीवर सोडलें. १९१५ सालीं ती नांव बदलून एका प्रसूतिगृहांत रांधतांना सांपडली. तेथें पंचवीस जणांना विषमज्वर झाला होता. १९३८ सालीं मरण येईपर्यंत ती त्या बेटावरच राहिली, आणि आपल्यामुळें कोणास रोग झाला हें तिनें शेवटपर्यंत मानलें नाहीं. तिला कठोर शिक्षा झाली असें म्हणावयास जागा आहे. पण तिचा अविश्वास समजण्याजोगा आहे. निरोगी माणसाच्या स्वच्छ दिसणाऱ्या हातावर मृत्यु बसलेला असतो, हें कोणासहि एकदम पटत नाहीं.

आतां संडासांतील हाताची हालचाल जरा बारकाईनें पाहावी. आंत जातांना माणूस कडी लावतो. विधि झाल्यावर उजव्या हातानें पाणी ओततो व डाव्या हातानें धुतो. मग टमरेल पुन्हां भरण्यासाठीं नळ फिरवितो, आणि घाईंत कोणता हात पुढें गेला हें त्याच्या ध्यानांतहि येत नाहीं. त्यानंतर साखळी ओढतो किंवा बादली उचलतो, कडी काढतो, दार ढकलतो. हे सर्व व्यवहार हात धुण्यापूर्वींचे आहेत. म्हणजे नळाची चावी, टमरेलाचा कान, साखळीची मूठ आणि आंतल्या बाजूची कडी या चार वस्तूंवर मजल्यावरील प्रत्येकाचा हात पडतो, आणि ज्या फरशीला सारे भितात तिला हात कोणीच लावीत नाहीं. पुढें वॉशबेसिनपाशीं आणखी गंमत होते. मळका हात नळ उघडतो, धुतलेला हात तोच नळ बंद करतो आणि नुकतेंच सोडलेलें परत घेतो. यावर उपाय सोपा आहे: हातांबरोबर नळाच्या चावीवरहि साबणाचें पाणी फिरवावें, किंवा चावी मनगटानें वा कोंपरानें फिरवावी. अलीकडे आणखी एक सोबती आंत येऊं लागला आहे, तो म्हणजे मोबाइल. हात धुतां येतात, तो धुतां येत नाहीं, आणि बाहेर आल्यावर तो थेट गालाला लागतो. टमरेल हातीं घेऊन रांगेंत उभ्या राहणाऱ्या जुन्या पिढीस निदान ही ब्याद नव्हती.

मनुस्मृतींत शौचानंतर मृत्तिका किती वेळां लावावी याची गणती दिली आहे. त्यांत डाव्या हातास दहा वेळां आणि दोन्ही हातांस मिळून सात वेळां असा नियम आहे. जंतूंची कल्पना नसतांनाहि सर्वांत मोठा आंकडा हाताच्या वांट्यास आला, हें लक्षांत घेण्याजोगें आहे. परंतु माती अंगणांतली. तींत जंतांचीं अंडीं असण्याचा संभव, म्हणून आज तिची शिफारस करतां येत नाहीं. साबणाचें काम निराळें आहे. साबणाच्या प्रत्येक रेणूचें एक टोंक पाण्याकडे ओढ घेतें व दुसरें स्निग्धाकडे. त्वचेवरील तेलकट थरांत जंतु रुतून बसलेले असतात; साबण तो थर उचलतो आणि पाणी त्याला जंतूंसकट वाहून नेतें. कांहीं विषाणूंचें आवरणच स्निग्ध असतें, तें तर साबणानें फाटतें. २०२० सालच्या साथींत हा धडा घरोघर गिरविला गेला आणि साथ ओसरतांच मागें पडला. हातावर चोळावयाचें मद्यार्काचें द्रावण सोयीचें खरें; पण ओकारी व जुलाब घडविणाऱ्या नोरोव्हायरसपुढें त्याची मात्रा फारशी चालत नाहीं, आणि मळलेल्या हातावर तर तें दुबळेंच पडतें. वीस सेकंद, नखांखालीं व बोटांच्या बेचक्यांत, मग वाहतें पाणी आणि कोरडें फडकें, एवढेंच पुरतें. अनेक देशांतील प्रयोग एकत्र पाहतां, साबणानें हात धुण्याच्या संवयीनें अतिसाराचें प्रमाण सुमारें तीस टक्क्यांनीं घटतें.

बैठकीच्या खुर्चीवजा संडासाविषयीं सुशिक्षित घरांत एक निराळें भय आहे, विशेषतः स्त्रियांमध्यें. परक्याच्या भांड्यावर बसल्यानें गुप्तरोग जडतात असें म्हणतात. परम्याचे व उपदंशाचे जंतु शरीराबाहेर कोरड्या थंड पृष्ठावर फार काळ तग धरीत नाहींत. ती वाट जवळजवळ बंदच समजावी. लघवीची जळजळ सुरू झाली म्हणजेहि दोष त्या भांड्याला दिला जातो. वास्तविक तो विकार बहुधा त्या व्यक्तीच्याच आंतड्यांतील जंतूंपासून होतो. स्त्रियांचा मूत्रमार्ग आंखूड व गुदद्वाराजवळ असतो. म्हणून पुढून मागें धुवावें, मागून पुढें नव्हे. आणि खरा घात होतो तो घाणीच्या भयानें पाणीच न पिण्यानें व तासन्‌तास लघवी कोंडून धरण्यानें. प्रवासास निघतांना सकाळपासून घोटभर पाणीहि न घेणाऱ्या स्त्रिया प्रत्येक घरांत आहेत. जागा स्वच्छ नाहीं आणि पुष्कळदां जागाच नाहीं, ही त्यांची तक्रार खरी आहे. २०११ पासून मुंबईंतील स्त्रियांनीं या हक्कासाठीं चळवळ चालविली ती उगीच नव्हे.

हवेंतून कांहींच येत नाहीं असेंहि मात्र समजूं नये. २०२२ सालीं अमेरिकेंत कोलोरॅडो येथील संशोधकांनीं झांकण नसलेल्या भांड्यावर हिरवा लेझर प्रकाश टाकून पाहिलें; फ्लश सोडतांच सूक्ष्म तुषार सेकंदास दोन मीटर वेगानें उडाले व आठ सेकंदांत दीड मीटर उंच पोंचले. झांकण असल्यास तें लावून पाणी सोडावें. मोठे थेंब त्यानें अडतात, अतिसूक्ष्म मात्र निसटतात. याहून मोठें उदाहरण हाँगकाँगचें. तेथील ॲमॉय गार्डन्स या उंच इमारतींच्या वसाहतींत २००३ च्या मार्चमध्यें सार्स रोग शिरला आणि एप्रिलच्या मध्यापर्यंत ३२१ रहिवाशांना झाला. रोग मजल्यांमागून मजले उभ्या रेषेंत चढलेला होता. चौकशीअंतीं दोष न्हाणीघराच्या जाळीकडे गेला. जाळीखालच्या वांकड्या नळांत पाणी साचून राहतें, तें मैल्याच्या नळांतील हवा अडवितें. आपल्याकडील प्लंबर त्यास नहाणी ट्रॅप म्हणतात. तेथील लोक फरशी धुण्याऐवजीं पुसत, त्यामुळें तें पाणी सुकलें. वर पंख्यानें न्हाणीघरांतील हवा बाहेर ओढली, तेव्हां नळांतील तुषार घरांत आले. गांवाहून महिन्यानें परतल्यावर न्हाणींत जो उग्र दर्प येतो त्याचें कारण हेंच असतें. दोन तांबे पाणी जाळींत ओतलें कीं दार बंद होतें.

सफाईच्या बाबतींत एकच सूचना महत्त्वाची, कारण ती न पाळल्यास जीवावर बेततें. संडास साफ करण्याचें ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कधींहि एकत्र करूं नयेत. त्यांतून क्लोरीन हा विषारी वायु निघतो आणि कोंदट खोलींत माणूस गुदमरतो. आधीं घांसून मळ काढावा, भरपूर पाणी ओतावें, मग ब्लीचिंगचें पाणी दहा मिनिटें राहूं द्यावें. मळावरच तें ओतल्यास त्याची शक्ति मळांतच खर्च होते. कडी, चावी व साखळीची मूठ यांवरूनहि तें फिरवावें, आणि संडासाचें फडकें वॉशबेसिनला लावूं नये. हें सारें करणाऱ्या सफाई कामगारास हातमोजे देणें ही मेहेरबानी नव्हे. मजल्यावरील सर्वांच्या जंतूंशीं रोज गांठ त्याचीच पडते. कणकवलीच्या गोपुरी आश्रमांत अप्पासाहेब पटवर्धनांनीं भंगीकाम स्वतःच्या हातीं घेतलें आणि सुधारलेला संडास तयार केला. त्यांच्याविषयीं आदरानें बोलणाऱ्या कित्येक घरांत झाडूवाल्यासाठीं चहाचा कप अजून वेगळा असतो.

राहतां राहिला साबण. चाळींत प्रत्येकजण टमरेल घेऊन जातो, साबण कोणी नेत नाहीं. हात घरच्या मोरींत धुतले जातात. संडासापासून मोरीपर्यंत गॅलरीचा कठडा लागतो, घराची कडी लागते, आणि वाटेंत रांगणारें मूल उचलून घेतलें जातें. साबण तेथेंच, नळापाशीं, असावयास हवा. ठेवलेली वडी संध्याकाळपर्यंत नाहींशी होते ही सर्वत्रची तक्रार आहे. त्यावर कांहीं ठिकाणीं लोक वडी जुन्या पायमोज्यांत घालून नळाला बांधतात. कांहीं ठिकाणीं प्लास्टिकच्या बाटलींत कपडे धुण्याची चिमूटभर पूड व पाणी घालून झांकणाला भोंक पाडून ती टांगतात. अशी बाटली चोरून नेण्यांत कोणालाहि रस नसतो. ती रोज कोणीं भरावयाची याचा निकाल मजल्यावरील बिऱ्हाडांनींच लावावयाचा आहे. दिव्याच्या व झाडूच्या वर्गणीची वही असतेच, तींत एक ओळ वाढवावी लागेल.