पाटा वाढविण्याआधी गाडी काट्यावर घाला

मृग बरसला की भोकर तालुक्यातल्या पांदणींची काय गत होते, हे तुम्हाला सांगायला नको. काळ्या रानात चाकोरी खोल जाते आणि माळाकडे वर चढलो की मुरूम वाहून नुसते दगड उघडे पडतात. खत-बियाणे न्यायचे, सोयाबीन-कापूस आणायचा, रात्री-अपरात्री दवाखान्यात माणूस न्यायचा. सारे त्या एकाच जीपवर नाहीतर पिकअपवर. मग एखाद्या दिवशी मागचा पाटा तुटतो. मिस्त्री म्हणतो, "मालक, दोन पाटे जास्तीचे टाकू, गाडी उचलून घेऊ, काळजीच नको." आपणही "टाक बाबा" म्हणून मोकळे होतो. शेतकरी बांधवांनो, इथेच जरा थांबा.

पाटा ही काही नवी चीज नाही. टांग्याला पाटे होते. १९४७ साली महिंद्राने विलीज जीप आपल्या देशात आणली, तिच्या चारही चाकांवर त्याच जातीचे पाटे. पुढे एमएम ५४० आली, कमांडर आली, त्यांचेही तेच. २००० साली आलेल्या बोलेरोला मात्र पुढे स्प्रिंग आणि मागे पाटे. म्हणून शेजाऱ्याच्या जुन्या जीपला जे केले, ते तुमच्या गाडीला जसेच्या तसे चालेलच असे नाही.

आता हिशेब पाहा. पाच पाट्यांच्या संचात त्याच मापाचा सहावा टाकला, तर ताठपणा साधारण पाचव्या हिश्श्याने वाढतो. पण ८ मिलिमीटरच्या जागी १० मिलिमीटर जाडीचे पाटे घातले, तर तोच ताठपणा जवळजवळ दुप्पट होतो. दिसायला फरक दोन मिलिमीटरचा! भरलेली गाडी अशाने बसत नाही हे खरे, पण वर्षातले निम्मे दिवस गाडी रिकामीच फिरते ना? रिकाम्या गाडीचे मागचे चाक खड्ड्यात दबत नाही, उड्या मारते. ओल्या डांबरीवर ब्रेक दाबला की मागची बाजू सरकते. पाट्याने जो हिसका गिळायचा, तो चेसीला बसतो आणि मग पाट्याच्या हँगरपाशी चीर दिसू लागते. पाटा बदलता येतो, चेसीचे काम महागात जाते. मागे बसलेल्या बाया-पोरांच्या कंबरेचे तर बोलूच नका.

म्हणून आधी गाडी मोठ्या वजनकाट्यावर घाला. रिकामी एकदा, आणि नेहमीचा माल भरून एकदा. दोन्ही वेळा फक्त मागची चाके काट्यावर ठेवून वेगळे वजन घ्या. मग आरसी बुकातले रिकामे वजन आणि भरलेले वजन काढून बघा. पुष्कळदा उलगडा तिथेच होतो. पाटा कमजोर नसतो, माल जास्त असतो. पाटे वाढविले म्हणून आरसीवरचे वजन वाढत नाही, आणि ब्रेक, टायर, बेअरिंग कंपनीने दिले तेवढेच राहतात.

दुसरे काम टेपचे. देवळापुढच्या सपाट फरशीवर गाडी उभी करा आणि चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर चारही बाजूंनी वहीत लिहा. डावी-उजवीत बोटभर फरक असेल तर एका बाजूचे पाटे बसलेत. माल भरल्यावर अ‍ॅक्सल आणि वरचा रबरी ठोकळा यांत जागाच उरत नसेल, तर दणका नेमका तिथून येतोय.

आता खाली वाका. बुश पहारीने हलवून पाहा, शॅकल ढिले आहेत का ते बघा. शॉकअपला तेल सुटले का? गाडीचा कोपरा दाबून सोडा. एकदा वर येऊन थांबला तर ठीक, डुलत राहिला तर शॉकअप गेला. माझे मत विचाराल तर पहिला पैसा बुश, शॉकअप आणि यू-बोल्टवर घाला. त्यानेही भागले नाही तर कंपनीच्या मापाचा पूर्ण संच, दोन्ही बाजूंना एकदमच. तरी गरज उरली तर खालचा मदतीचा पाटा, जो गाडी भरल्यावरच टेकतो. तुटलेल्या पाट्याला वेल्डिंग कधीच नको. आच लागली की पोलादाचे पाणी उतरते आणि पाटा पुन्हा तिथेच जातो.

गाडी उंच करण्याची तरुण मंडळींना भारी हौस. उंची वाढली की शॉकअप अपुरा पडतो, ब्रेकचा पाइप ताणतो, प्रॉपेलरचा क्रॉस वाकड्यात चालून लवकर झिजतो. काही पिकअपना मागच्या ब्रेकचा दाब मालाप्रमाणे कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असतो. मागची बाजू उचलली की त्याला गाडी रिकामीच वाटते. पुढच्या पाट्याखाली ठोकळा तर घालूच नका, स्टेअरिंगशी खेळ नको.

कायद्याचेही ऐका. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच सांगितले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला दर बदलामागे पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. त्याच मापाचा पाटा बदलणे ही दुरुस्ती. उंची, वजन, रचना बदलायची तर आधी नांदेडला आरटीओ कार्यालयात विचारा. अपघात झाला तर विमावालाही हेच उकरून काढतो.

सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींनाही एक सांगणे. एकाच पांदणीवरच्या गाड्यांचे पाटे वारंवार तुटत असतील, तर बहुधा एखादी खचलेली मोरी किंवा वर आलेला पाइप कारणीभूत असतो. २०२१ साली शासनाने मातोश्री ग्रामसमृद्धी शेत व पांदण रस्ते योजना आणली ती अशाच वाटांसाठी. पण दोन ट्रॉल्या मुरूम टाकून मोरीची तोंडे भरायला योजनेची वाट कशाला बघायची?

आणि काम झाल्यावर, नवे पाटे बसवून आठवडाभर माल वाहिला की यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्या. पाटे एकमेकांवर बसले की बोल्ट ढिले पडतात, मधला बोल्ट कातरतो आणि अ‍ॅक्सल तिरका होतो. गाडी मिस्त्रीकडून नेतानाच ती तारीख ठरवून घ्या.