न विणलेले कापड

शस्त्रक्रियागृहातील टोपी, मास्क, बाळाच्या डायपरचा आतला थर ही सारी कापडेच. परंतु ती कोणत्याही मागावर विणलेली नसतात. ‘नॉनवोव्हन’ हे त्यांचे बाजारातील नाव. आपल्या वापरातील असे बहुतेक कापड पॉलिप्रोपिलीनचे, म्हणजे प्लॅस्टिकचेच असते. प्लॅस्टिक वितळते, त्यामुळे त्याचे तंतू उष्णतेने एकमेकांना सहज चिकटवता येतात.

वनस्पतींचे तंतू वितळत नाहीत. जुन्या बुरणुसातही विणकाम नसे. पण लोकरीच्या केसावर सूक्ष्म खवले असतात, त्यामुळे ओलावा, उष्णता आणि दाब मिळताच ती आपसांत गुंतते. ताग, अंबाडी, जवस यांच्या तंतूंना खवले नाहीत. म्हणून ते पिंजून त्यांचे पातळ थर एकावर एक रचतात आणि खाचा असलेल्या शेकडो सुयांनी टोचत राहतात. प्रत्येक टोच्यासरशी वरचे काही तंतू खाली ओढले जाऊन अडकतात. कताई नाही, उभाआडवा धागा नाही.

अशा तागाच्या किंवा अंबाडीच्या थरात पॉलिप्रोपिलीनचे तंतू मिसळून तो गरम साच्यात दाबला की मोटारीच्या दाराचे आतील अस्तर तयार होते. हलके आणि मजबूत. मात्र त्यात पुष्कळदा निम्मे प्लॅस्टिकच असते, तेव्हा ते मातीत मिसळून जाईल ही समजूत भाबडी. काथ्याचा थर उतारावर अंथरतात, तेथे मात्र कुजणे हाच त्याचा गुण. गवत मूळ धरेपर्यंत तो माती धरून ठेवतो. ‘नैसर्गिक’ म्हणजे मऊ, असेही नव्हे. लिग्निनयुक्त खरखरीत ताग दारात शोभतो. तान्ह्या बाळाच्या त्वचेला तो लावू नये, हे बालरोगतज्ज्ञ म्हणून सांगितलेच पाहिजे.

या उद्योगात कताई आणि विणकाम टळते, पिंजणे टळत नाही. आणि धूळ तिथलीच. कापूस, जवस व हेम्प यांच्या धुळीने होणारा बिसिनोसिस आम्ही इंदूरकरांनी केवळ पुस्तकात वाचलेला नाही. १९९१ साली हुकुमचंद मिल बंद पडली, त्या सुमारास मी विद्यार्थी होतो. कार्डिंग खात्यात उमेदीची वर्षे घालवलेले एक गृहस्थ वॉर्डात दाखल होते. दम केव्हा लागतो, असे विचारताच ते म्हणाले, “सोमवारी, डॉक्टरसाहेब. रविवारची सुट्टी झाली की छाती आवळते. पुढे आठवडाभर उतरत जाते.”

तंतू पिंजणाऱ्या नव्या कारखान्यांत धूळ जागीच ओढून घेणारी यंत्रणा हवी. तिथला कामगार आपल्याकडे आला, तर त्याला वार अवश्य विचारावा. एक्स-रे बहुधा निर्दोषच दिसतो.