विचारू नका, बिलं बघा! मिट रॉम्नी यांच्या करिअरमधून छोट्या उद्योजकाने काय घ्यायचं?



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण खर्च कसा मोजायचा ते बघितलं. त्यात मी अमेरिकेतल्या मिट रॉम्नी यांचं नाव घेतलं होतं. व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

आता तुम्ही म्हणाल, अमेरिकेतला राजकारणी, त्यातून श्रीमंताघरचा. त्याचा आणि माझ्या दुकानाचा काय संबंध? संबंध एका सवयीचा आहे. ही सवय त्यांना धंद्यात उपयोगी पडली, सरकार चालवतानाही पडली. आणि एका ठिकाणी ती अपुरी ठरली. आपण दोन्ही बघू.

आधी ओळख

रॉम्नींचे वडील जॉर्ज रॉम्नी आधी मोटार कंपनीचे प्रमुख होते, नंतर मिशिगन राज्याचे गव्हर्नर झाले. गव्हर्नर म्हणजे तिथे राज्याचा निवडून आलेला प्रमुख, आपल्याकडच्या मुख्यमंत्र्यासारखा समजा. मिट यांनी हार्वर्डमध्ये कायदा आणि एमबीए या दोन्ही पदव्या एकत्र घेतल्या, १९७५ मध्ये. वकिली मात्र कधी केली नाही. ते बिझनेस सल्लागार झाले आणि १९८४ मध्ये बेन कॅपिटल ही गुंतवणूक कंपनी सुरू करणाऱ्यांपैकी एक होते. दुसऱ्यांच्या धंद्यात पैसा घालायचा, धंदा वाढवायचा आणि हिस्सा विकून नफा काढायचा, हे त्यांचं काम.

स्टेशनरीच्या दुकानाची गोष्ट

टॉम स्टेमबर्ग नावाच्या माणसाची एक कल्पना होती. ऑफिसला लागणारं पेन, कागद, फायली हे सगळं एका मोठ्या दुकानात, स्वस्तात विकायचं. रॉम्नींच्या टीमने छोट्या कंपन्यांना विचारलं, ‘तुमचा स्टेशनरीवर किती खर्च होतो?’ उत्तर आलं, ‘फार नाही हो, किरकोळ.’ म्हणजे असं दुकान चालणार नाही!

स्टेमबर्ग म्हणाले, माणसांना विचारू नका, त्यांची बिलं बघा. बिलं काढून बेरीज केली तर खरा खर्च सांगितलेल्या आकड्याच्या कित्येक पट निघाला. मालक खोटं बोलत नव्हते. थोडं थोडं जाणारं कोणाच्या लक्षातच राहत नाही, एवढंच.

बेन कॅपिटलने पैसे घातले. मे १९८६ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यात बॉस्टनच्या ब्रायटन भागात पहिलं ‘स्टेपल्स’ उघडलं. पुढे ती प्रचंड मोठी साखळी झाली.

मी क्लासमध्ये हाच प्रयोग करायला लावतो. महिन्याला पिशव्या, टेम्पो भाडं आणि चहापाणी यावर किती जातं, ते आधी अंदाजाने लिहा. मग बिलं आणि मोबाईलवरचं पेमेंट बघून खरा आकडा लिहा. अंदाज बरोबर आला असं क्वचितच होतं.

बुडायला आलेली कंपनी

रॉम्नी आधी ज्या बेन अँड कंपनीत नोकरीला होते, ती १९९० च्या सुमारास कर्जात बुडायला आली. ती सावरायला त्यांनाच बोलावलं. त्यांनी बँकांशी बोलून कर्जाच्या अटी बदलून घेतल्या, भाड्याबाबत घरमालकाशी तडजोड केली आणि कंपनीच्या संस्थापकांना मिळालेल्या पैशांतला काही भाग परत द्यायला लावला. इथे कायद्याचं शिक्षण उपयोगी पडतं बघा. करारात काय लिहिलंय आणि त्यातलं काय बदलता येतं, हे ज्याला कळतं तोच टेबलावर शांत बसू शकतो. तुमच्या गाळ्याचा भाडेकरार तुम्ही शेवटचा कधी वाचलात?

जे बिलात दिसत नाही

१९९४ मध्ये रॉम्नी सिनेटच्या निवडणुकीला उभे राहिले. समोर होते टेड केनेडी. सुरुवातीला लढत अटीतटीची वाटत होती. त्याच वर्षी बेन कॅपिटलच्या ताब्यातल्या अँपॅड कंपनीने इंडियाना राज्यातल्या मॅरियन गावचा कारखाना घेतला. कामगारांना काढलं आणि पुन्हा यायचं तर कमी पगारावर या, असं सांगितलं. संप झाला. ते कामगार थेट रॉम्नींच्या मतदारसंघात येऊन बोलले आणि केनेडींनी त्यांना जाहिरातीत आणलं.

रॉम्नी म्हणत होते की तेव्हा ते कंपनीतून रजेवर होते. ते खरंही होतं. पण लोकांना पटलं नाही. रॉम्नी हरले.

हिशोबात तो पगाराचा खर्च कमी झाला होता. माणसांचा राग कुठल्याच खात्यात लिहिलेला नव्हता. तुमच्याकडे एकच मुलगा कामाला असेल, तरी हे लक्षात ठेवा. त्याला कसं वागवलं, हे गल्लीतल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला माहीत असतं.

एक डॉलरचा पिझ्झा

१९९९ मध्ये सॉल्ट लेक सिटीच्या हिवाळी ऑलिंपिकचं काम लाचखोरीच्या आरोपांनी बदनाम झालं होतं आणि बजेटमध्ये सुमारे ३८ कोटी डॉलरची तूट होती. रॉम्नी प्रमुख झाले. संचालकांच्या बैठकीतलं बाहेरून येणारं जेवण बंद केलं. पिझ्झा मागवला आणि एका तुकड्याला एक डॉलर घेतला! त्याने तूट भरून निघत नाही. पण वरच्याने खर्च कमी केला की खालचे आपोआप समजतात. केंद्र सरकारचा मोठा निधीही मिळाला, हेही सांगायला हवं. २००२ चं ऑलिंपिक शेवटी नफ्यात गेलं.

राज्य चालवताना

त्याच वर्षी ते मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर म्हणून निवडून आले. तिजोरीत मोठी तूट होती. मुख्य कर वाढवले नाहीत, पण सरकारी फी मात्र बऱ्याच वाढवल्या. छोट्या माणसाला दोन्ही सारखंच लागतं, हे टीकाकारांचं म्हणणं चुकीचं नव्हतं.

मोठं काम आरोग्य विम्याचं. विमा सगळ्यांना मिळावा असं काही करा, हे त्यांना सुचवणाऱ्यांत आपले स्टेपल्सवाले स्टेमबर्गही होते! राज्यात सुमारे ५ लाख लोकांकडे विमा नव्हता. ते आजारी पडले की इमर्जन्सीत जायचे आणि बिल थकलं तर हॉस्पिटलला राज्याच्या एका निधीतून भरपाई मिळायची. म्हणजे खर्च आधीपासून होतच होता, फक्त दुसऱ्या नावाने.

मग विमा नसलेले हे लोक कोण, ते बघितलं. काही जण सरकारी योजनेला पात्र होते, पण नाव नोंदवलेलं नव्हतं. काहींना परवडत होता, पण घेतला नव्हता. बाकीच्यांना खरोखर मदत हवी होती. तीन गट, तीन उपाय. तुमच्या उधारीच्या वहीतही असेच गट आहेत: विसरलेले, टाळणारे आणि खरंच अडचणीत असलेले. सगळ्यांना एकच मेसेज पाठवून वसुली होत नाही.

पण सरकार म्हणजे स्वतःचं दुकान नाही. विधिमंडळात विरोधी पक्षाचं प्रचंड बहुमत होतं. ११ किंवा जास्त कामगार असलेल्या मालकाने विमा दिला नाही तर वर्षाला माणशी २९५ डॉलरपर्यंत भरायचे, हे कलम रॉम्नींनी नाकारलं. विधिमंडळाने त्यांचा नकार फिरवला. तरी कायदा झाला. १२ एप्रिल २००६ रोजी बॉस्टनमध्ये सही करताना शेजारी टेड केनेडी उभे होते, ज्यांनी त्यांना हरवलं तेच! पुढे विमा नसलेल्यांचं प्रमाण देशात सर्वांत कमी असलेलं राज्य म्हणून मॅसॅच्युसेट्सचं नाव झालं.

रॉम्नी २०१२ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक हरले. ओबामांचा आरोग्य कायदा त्यांच्याच कायद्याच्या धर्तीवर होता, त्यामुळे स्वतःच्या पक्षातही त्यांची अडचण झाली. नंतर २०१९ ते २०२५ ते युटा राज्याचे सिनेटर होते.

आता तुमचं काम

१. मागच्या तीन महिन्यांची बिलं आणि मोबाईल पेमेंट काढा. आधी अंदाज लिहा, मग बेरीज करा.

२. भाडेकरार आणि कर्जाची कागदपत्रं एकदा पूर्ण वाचा. न कळलेल्या ओळीखाली रेघ मारून जाणकाराला विचारा.

३. उधारीचे तीन गट पाडा.

४. पगार किंवा माणूस कमी करायचा विचार असेल, तर त्या माणसासमोर बसून बोला. निर्णय वहीसमोर बसून घेऊ नका.

अंदाज आणि खरा आकडा यात किती फरक निघाला, ते कमेंटमध्ये लिहा. सगळ्यात मोठा फरक कुठल्या खर्चात निघतो ते बघून पुढचा व्हिडिओ त्यावर करू. भेटूया!